तिसऱ्या चॅनलवरचा हात

दिलीप,

तू गेल्यावर घरातली कामं मी ओळीनं उरकली. दाखला काढला, बँकेतलं नाव कमी केलं, विजेच्या मीटरसाठी अर्ज दिला, मंडपवाल्यांकडे पडून राहिलेल्या तुझ्या वायरी मागून आणल्या. रोह्यात, पेणला, गडबला ज्याला ज्याला कळवायचं त्याला कळवलं. फक्त एका माणसाला कळवायचं नाही असं ठरलं होतं. त्यामुळे झालं असं, की इथे तुझं दिवसकार्य झालं आणि तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला, सॅम्युएलकाकांच्या घरात, तू धडधाकट होतास. दर रविवारी ते फोनवर तुझी चौकशी करायचे. तू नुसता जिवंत नव्हतास, कामात होतास. काम मीच लावून देत होते.

"अगो शैले, दिलीप हाय काय?"

"नाही काका, नागोठण्याला गेलाय. साउंड लावायला."

"मागच्या वेळी पण नागोठण्यालाच होता."

"मागच्या वेळी कोलाडला होता, काका."

"बरा फिरतो. आल्यावर सांग, मी इचारत होतो."

मी हो म्हणायची आणि फोन ठेवायची. मग तुझ्या खोलीच्या दाराकडे बघायची. तुला निरोप द्यायचा राहिलाय असं खरोखर वाटायचं. मी सगळं लिहून ठेवणारी बाई, पण तुला कोणत्या रविवारी कुठे पाठवलं ते मात्र कुठेही लिहिलं नाही. डोक्यात ठेवलं. लिहिलं असतं तर खोटं पक्कं झालं असतं.

परवाच्या रविवारी तेही संपलं. म्हणून आज तुला लिहायला बसले आहे.

तो रेकॉर्डिंगचा डबा आणायचा ठरला तेव्हापासूनची आपली भांडणं मला पाठ आहेत. आई गेल्यावर घरात आपण दोघंच. मी दिवसभर धाटावला कंपनीच्या स्टोअर्समध्ये, तू लग्नं आणि सभा यांच्यामागे स्पीकर घेऊन. एके दिवशी तू मागच्या खोलीतलं सामान पडवीत काढलंस आणि म्हणालास, इथे रेकॉर्डिंग करायचं. भजनी मंडळ नाही, नाटक नाही, तुला बँड हवा होता. तोही गडबचा. वडखळपासून रोह्यापर्यंतच्या वराती वाजवणारा, लाल डगल्यांचा, सॅम्युएलकाकांच्या क्लॅरोनेटवर चालणारा. "रस्त्यावर वाजतो आणि रस्त्यावरच संपतो," तू म्हणाला होतास. "कुणाकडे काही राहत नाही."

मी विचारलं, काय काय लागेल? तू म्हणालास, कॉम्प्युटर आहे, आता आठ चॅनलचा डबा पाहिजे. म्हणजे आठ माइकचे आठ आवाज वेगवेगळे आत जातील आणि नंतर एकेक कमीजास्त करता येईल. मी म्हटलं, मग एकेकाला बसवून वाजवून घे. दोन चॅनलचं साधं कार्ड पुरेल. तू म्हणालास, बँड असा एकेक करून वाजत नाही. मी म्हटलं, सगळे एका खोलीत वाजवले तर प्रत्येकाच्या माइकमध्ये शेजाऱ्याचा आवाज गळणार. गळती होणारच असेल तर आठ वेगळे घेऊन साधलं काय?

तू त्यावर जे म्हणालास ते मला तेव्हा पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही. तू म्हणालास, "ताई, ती गळती म्हणजेच बँड."

लॅमिंग्टन रोडच्या दुकानात दुकानदार मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "आठ चॅनल, मॅडम. एका वेळी आठ." मी डबा उलटा करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, "आठही भोकांत माइक लागतो?" त्यानं आधी तुझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "माइक दोनातच. बाकीच्यांना आधी मिक्सर लागेल."

"म्हणजे डब्याला अजून एक डबा."

तू मला कोपरानं ढोसलंस. बाहेर आल्यावर म्हणालास, "झडती घेत होतीस त्याची."

"स्टोअर्सला माल येतो तेव्हा मी पॅकिंग फोडूनच घेते."

"हा काय ॲसिडचा कॅन आहे?"

पण परत येताना एसटीत तूच कबूल केलंस की तो प्रश्न विचारला म्हणून निभावलं. तुझ्या भाड्याच्या जुन्या मिक्सरला प्रत्येक माइकसाठी मागे वेगळी वाट होती. तिथून थेट डब्यात वायरी गेल्या की नवा मिक्सर घ्यायची गरज नव्हती. मांडीवर डब्याचं खोकं घेऊन तू वडखळपर्यंत त्या वायरी बोटानं हवेत काढत होतास. समोरच्या बाईला वाटलं असेल, याला काहीतरी झालंय. मला त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला. बोलले नाही, कारण तू लगेच म्हणाला असतास, मग एक चांगला माइकही घेऊ.

डबा लावला आणि खोलीभर घूं सुरू झालं. वायरी बदलल्या, प्लग उलटे केले, ट्यूबलाइट बंद करून बघितली. शेवटी कंपनीतल्या वायरमननं सांगितलं, तुमच्या घराला अर्थिंगच नाही. मग तू न्हाणीच्या मागे खड्डा खणलास. तांब्याची पट्टी, कोळसा, आणि पेणच्या मिठागरातलं गोणीभर जाडं मीठ. रोज सकाळी तू त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी घालायचास. शेजारच्या वहिनींनी विचारलं, इथे काय लावलंय? तू म्हणालास, शांतता लावलीय. आता ते पाणी मी घालते. विसरले तर थोड्या दिवसांत घूं परत येतं.

बँड पहिल्यांदा आला तो दिवस आठव. मी आधीच गडबहून भाताच्या तुसानं भरलेल्या गोणी आणवल्या होत्या आणि वादकांच्या मध्ये त्यांच्या भिंती रचल्या होत्या. गळती कमी व्हावी म्हणून. लाल डगले घातलेली माणसं त्या भिंतींकडे बघत उभी राहिली.

नारायण, त्यांचा ढोलवाला, धाटावची रात्रपाळी करून तसाच आला होता. तो म्हणाला, "ताई, रेकॉर्डिंग हाय का गोडाऊन?"

सॅम्युएलकाका आपल्या कप्प्यात जाऊन बसले आणि आतून ओरडले, "मी हितं हाय! कुणी इसरू नका मला!"

सगळे हसले, आणि मग वाजवायला लागल्यावर सगळे एकमेकांपासून सुटले. प्रत्येक जण नीट वाजवत होता आणि बँड मात्र कुठेच नव्हता. तू मिक्सर सोडून उठलास, खोलीत फिरलास आणि एकच गोण बाजूला केलीस. नारायण आणि काका यांच्या मधली. चाल वळायच्या आधी काकांचा डावा खांदा किंचित वर जातो. नारायण कानानं नाही, त्या खांद्यावर ठोका धरतो. एवढी वर्षं वराती बघून मला ते दिसलं नव्हतं. तुला दिसलं. गोण हलली आणि बँड परत जमला. ढोल मात्र क्लॅरोनेटच्या माइकमध्ये धो धो शिरला.

त्या दिवशी दोन चाली रेकॉर्ड झाल्यावर मी कॉम्प्युटरवर बसून साफसफाई केली. जिथे जो वाजवत नाही तिथे त्याचा चॅनल कापून टाकला. खाकरणं, खुर्ची सरकणं, शेजारचा ढोल, सगळं गेलं. मला ते धुतल्यासारखं स्वच्छ वाटलं. तू हेडफोन लावून ऐकलंस आणि म्हणालास, "खोलीच पुसलीस की."

"खोली विकायचीय का आपल्याला? चाल विकायचीय."

"जिथे कोणी वाजवत नाही तिथेही खोली असते ताई. तू केलंयस तिथे काहीच नाही. माणसं मेल्यासारखं वाटतं."

आणि मी कापलेलं सगळं तू परत जोडलंस. मी रागावले. दोन दिवस आपण जेवणाखेरीज बोललो नाही. हे भांडण आपलं कधी मिटलंच नाही. दर गाण्याला मी कापायची आणि तू जोडायचास, आणि कॉम्प्युटरमध्ये कापलेलं पुसलं जात नाही, परत जोडता येतं हे तूच मला शिकवलं होतंस.

मग काकांचं जायचं ठरलं. बेनी, त्यांचा मुलगा, आधीच तिकडे होता. पेणचं घर रिकामं करून झालं. निघण्यापूर्वी त्यांनी बेने इस्रायलांच्या रीतीनं मलिदा केला आणि बँडला बोलावलं. ताटात गोड पोहे, खोबरं, फळं, आणि त्यांच्या एलियाहू पैगंबराच्या नावानं म्हटलेली प्रार्थना. नारायण आणि बाकीचे टोप्या घालून मागे बसले होते. ज्यांनी आयुष्यभर काकांच्या शब्बाथसाठी शनिवारची सुपारी सोडली त्यांच्यापुढे काका ताट धरत होते आणि म्हणत होते, खा रे, आता तिकडून कोण पाठवणार हाय? जेवण झाल्यावर ते तुला बाजूला घेऊन म्हणाले, "ती पाठवणीची चाल तेवढी राहिली."

ती त्यांची स्वतःची चाल होती. नवरी निघताना वाजवायची. कुठे लिहिलेली नव्हती आणि पुरती फक्त त्यांनाच येत होती. अडचण अशी, की उरलेल्या दिवसांत बँडमधल्या कुणालाच सुटी नव्हती, नारायणची पाळी बदलत नव्हती आणि काकांचं तिकीट निघालं होतं. मी म्हटलं, आता माझ्या पद्धतीनं करावं लागेल. काका आधी, बाकीचे नंतर. आठ चॅनल त्यासाठीच असतात. तुला ते आवडलं नाही, पण दुसरा मार्ग नव्हता.

काका बूट काढून बसले. तू त्यांच्या कानाला हेडफोन लावलास आणि कॉम्प्युटरचा ठेका सोडलास. त्यांनी जेमतेम एक ओळ वाजवली आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ही टिकटिक माझी वाट बघत नाय रे. नारायण बघतो."

"मग मी देतो ठेका," तू म्हणालास. मिक्सर ज्यातून आला होता ते रिकामं लाकडी खोकं तू पालथं घातलंस आणि त्यांच्या समोर बसलास. मी लगेच एक माइक त्या खोक्यापाशी लावला आणि तिसऱ्या चॅनलला जोडला.

"कशाला? नंतर बंदच करायचाय."

"बंद करायचाय म्हणूनच वेगळा हवा."

तू हात जोडलेस, नमस्कार केल्यासारखे. मग वाजवायला घेतलंस.

ठेका देताना तू पळतोस हे मला माहीत होतं. लहानपणी पाढे म्हणतानाही तू पुढे पळायचास. काकांनी पहिल्याच वळणावर एक डोळा उघडून तुझ्याकडे बघितलं, आणि मग तेही तुझ्याबरोबर निघाले. चालीच्या मध्ये एक जागा आहे. नवरी उंबऱ्यावर थांबून मागे बघते तिथे क्लॅरोनेट थांबतं. बँडमध्ये तिथे नारायण नुसती ढोलाच्या कडेवर काठी वाजवतो. त्या दिवशी तिथे फक्त तुझा हात होता. खोक्यावर, हलका. मग काका परत आले आणि चाल संपली.

"अरे दिल्या," काका म्हणाले, "नवरी घरातून निघायची हाय अजून, आणि तू तिला सासरी पोचवलीस पण!"

"परत घेऊ काका. हळू देतो."

"नको. झाली ती बरी झाली. परत घेतली तर माझ्याच्यानं निघवायचं नाय."

ते गेले. आणि मग थोड्याच दिवसांनी, एका सकाळी खड्ड्यात पाणी घालून आलास, छातीवर हात ठेवून पायरीवर बसलास, आणि तू गेलास. त्याबद्दल मी लिहिणार नाही. ते मी सगळ्यांना सांगून झालंय.

त्याच आठवड्यात बेनीचा फोन आला. काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. मी त्याला तुझं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "शैलाताई, बाबांना इतक्यात नका सांगू. डॉक्टर म्हणालेत, धक्का नको. मी सांगेन वेळ बघून." मी म्हटलं, बरोबर आहे. व्यवहाराला धरूनच होतं ते. ती वेळ बेनीला काही सापडेना, आणि काका बरे होऊन दर रविवारी फोन करायला लागले. "माझी चाल कुठवर आली?" हाच पहिला प्रश्न. "दिलीप काय बोलतो?" हा दुसरा.

तू काय बोलतोस ते मी सांगत राहिले. ढोल बाकी आहे म्हणतो. कॉम्प्युटर सुस्तावलाय म्हणतो. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडणार म्हणतात, त्याच्या आत पुरं करतो म्हणतो. काका हसायचे. तुझी वाक्यं मला इतकी सहज सुचायची की फोन ठेवल्यावर भीती वाटायची. मी तुला बोलायला लावत होते आणि तू बोलत होतास.

म्हणून चाल पुरी करणं भाग होतं. ती पुरी झाली की निदान पहिला प्रश्न मिटणार होता.

मी बँडला बोलावलं. डबा चालू करायला हात धजत नव्हता, पण तू मिक्सरवर चिकटपट्ट्या लावून नावं लिहून ठेवली होतीस. काका. ट्रम्पेट. तिसऱ्यावर तुझ्या अक्षरात फक्त "मी".

नारायण ढोल घेऊन बसला. मी त्याच्या कानात काकांचं क्लॅरोनेट आणि तुझा हात सोडला. तो वाजवायला लागला आणि लगेच थांबला. "ताई, माझा ढोल माझ्याच कानात उशिरा येतोय." त्यावर तू मला सांगितलेलं आठवलं. जो वाजवतोय त्याचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरवून त्याला ऐकवायचा नाही, थेट मिक्सरवरून द्यायचा. कॉम्प्युटरमधून फक्त आधीचं. मी वायर बदलली. आता त्याचा ढोल वेळेवर होता. तरी तो परत थांबला.

"आता काय?"

"आता तो पळतोय."

ट्रम्पेटवाल्यानं डगल्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"एवढी वर्षं मी सगळ्यांना मागं ओढत आलो," नारायण म्हणाला. "काकांना पण. आता काका याच्या पाठी गेलेत आणि मला पण जावं लागंल. ओढू कुणाला?"

"जा मग," मी म्हटलं.

तो तुझ्या पाठी गेला. तुझ्या घाईला घाई लावून त्यानं असा ढोल वाजवला की मला त्यात तुझा हात सापडेनासा झाला. तो जितका तुझ्याशी जुळत होता तितका तू त्याच्याखाली बुडत होतास. तिसऱ्या चॅनलचा दिवा हलत होता आणि ऐकू मात्र काही येत नव्हतं. एवढ्यात उंबऱ्याची जागा आली. क्लॅरोनेट थांबलं. नारायणनं काठी कडेवर न्यायला हवी होती. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि त्या खोलीत तू एकटा वाजू लागलास.

मग सगळे परत आले.

नंतर मी त्याला म्हटलं, ती जागा राहिली, परत घेऊ. तो हेडफोन गुंडाळत म्हणाला, "राहिली नाय ताई. तिथं मी नाय वाजवणार. तिथं त्याला वाजवू द्या." मी बरं म्हटलं.

ते गेल्यावर दुपारी मी एकटी सगळे चॅनल एकत्र मिसळायला बसले. तिसरा चॅनल ऐकला. पडद्यावर तुझा हात छोट्या छोट्या काट्यांसारखा दिसतो. चाल संपल्यावरही तो थोडा वेळ चालूच राहतो, मग थांबतो. त्यापुढे नुसती खोली ऐकू येते. त्या खोलीत तू बसलेला आहेस आणि काही करत नाहीस. मी तुझ्या खुर्चीत होते आणि स्पीकर तिच्या मागे आहे. मी मागे वळून बघितलं, दिलीप. मी, जी अशा गोष्टींना हसते.

मग मी माझ्या पद्धतीनं काम केलं. तिसरा चॅनल बंद केला. काकांच्या माइकमध्ये तुझा हात बारीक गळला होता, तो काका थांबतात तिथे कापला. बाकीच्यांचे चॅनलही तिथे नेहमीसारखे कापले. कारण विचारशील तर पहिलं कारण हे, की तो चॅनल बंद करण्यासाठीच होता. दुसरं कारण हे, की ती जागा मला ऐकवत नव्हती. कॅसेट बँडची आहे, आपल्या घरातल्या दुःखाची नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. कॅसेट झाली. गडबला ती सगळ्यांना आवडली. नारायणनं ऐकली, माझ्याकडे बघितलं, आणि सायकल काढली.

एक प्रत अश्दोदला पाठवली. बेनीच्या ओळखीचं कुणी मुंबईहून जात होतं त्यांच्याबरोबर.

परवा रविवारी फोन वाजला तेव्हा मी तयारीत होते. तू म्हसळ्याला होतास, एका शाळेचं संमेलन होतं.

"ऐकली," काका म्हणाले.

"कशी झालीय?"

"ढोल लय भारी. नारायणला सांग, तो पण बिघडला. पळायला लागला." ते हसले. मग म्हणाले, "उंबऱ्यावर काय झाला गो?"

"काय झालं?"

"तिथं काहीच नाय. मी चार वेळा मागं घेऊन ऐकली. पयल्यांदा वाटला, टेपच बंद पडली. नारायण तिथं काठी वाजवतो. एवढ्या वरातींत त्यानं ती काठी कधी सोडली नाय. का सोडली?"

"राहून गेली असेल, काका."

"नारायणची? नाय. त्यानं ती कुणाला तरी सोडली." फोनमध्ये खरखर झाली. "दिलीपचा हात होता तिथं. मी त्याच्यावर वाजवलाय, मला ठाऊक हाय. नारायणनं हात ठेवला आणि कुणीतरी तो पुसला. बरा, हात पुसला तर पुसला. पण मागं खोली पण नाय. श्वास नाय, खुर्ची नाय, काय नाय. शैले, असा तू करतेस. दिलीप करत नाय. तू कापलास तर तो परत जोडतो. तुमची भांडणं मी समोर बसून ऐकलीत."

म्हसळ्याचं संमेलन माझ्या तोंडाशी आलेलं होतं. ते मी गिळलं.

"ही कॅसेट दिलीपनं बघितलीच नाय," काका म्हणाले. "व्हय का नाय?"

"व्हय," मी म्हटलं. मी कधी व्हय म्हणत नाही. त्यांच्या तोंडचं माझ्या तोंडात आलं.

"कवा गेला?"

"तुमचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात."

मला वाटलं, आता ते कोसळतील. बेनीला हाक मारावी, डॉक्टरला बोलव म्हणावं, काहीतरी करावं. तिकडचा नंबर डोळ्यासमोर होता. पण पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, क्लॅरोनेट उचलायच्या आधी ते घ्यायचे तसा, नाकातून, लांब. मग ते त्यांच्या भाषेतलं काहीतरी पुटपुटले, मेलेल्या माणसासाठी म्हणतात ते असावं. तुझं नाव त्यात आलं.

आणि मग ते मला म्हणाले, "म्हणजे इतके महिने तू एकटीनं त्याला माझ्यापुरता जिता ठेवलास. नागोठणं काय, कोलाड काय. दमली असशील गो बाय."

तू गेल्यापासून मला कुणी असं म्हटलं नव्हतं. सगळे म्हणत होते, शैला खंबीर आहे, शैलानं सगळं निभावलं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. दाखला काढताना नाही, तुझे कपडे देताना नाही, त्या दुपारी मागे वळून बघितलं तेव्हाही नाही. आता रडले, एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

काकांनी फोन ठेवला नाही. तिकडून पैसे जात होते, तरी ठेवला नाही. काही बोललेही नाहीत. मागून बेनीचा आवाज आला, काळजीचा. "बाबा, एवढा वेळ कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाय," काका म्हणाले. "दिलीपच्या घरी बसलोय."